‘मला गणित येतच नाही’ असं ती पहिल्यांदा म्हणाली

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. शाळेत गणितात पैकीच्या पैकी मिळवते, वर्गातली उदाहरणं सगळ्यांच्या आधी संपवते आणि मग खिडकीबाहेर बघत बसते. शाळेबाहेर काहीतरी असावं म्हणून आम्ही तिला दोन ठिकाणी घातलं. एक क्लास आहे. तिथे वर्कशीट, लेव्हल, घड्याळ लावून सराव, आणि वर्षभरात सातवीचं पुस्तक संपवून देतात. दुसरं एक गणित मंडळ आहे. दर रविवारी दीड तास, चौदा मुलं, शिकवायला कॉलेजचे दोन विद्यार्थी आणि एक निवृत्त शिक्षक. परीक्षा नाही, गृहपाठ नाही, कधीकधी अख्ख्या दीड तासात एकच प्रश्न. क्लासमध्ये ती खूश असते. मंडळातून मात्र तिसऱ्याच रविवारी रडत बाहेर आली आणि म्हणाली, ‘मला गणित येतच नाही.’ तिचे बाबा म्हणतात, मंडळ बंद कर, उगाच आत्मविश्वास जायचा. ओळखीतला एक मुलगा चौथीपासून ऑलिम्पियाडची तयारी करतोय, त्यामुळे आपण आधीच मागे पडलो की काय, असंही मनात येतं. मी स्वतः गणितात कच्ची. काय करावं?

उत्तर: मंडळ बंद करू नका. निदान इतक्यात नाही, आणि या कारणासाठी तर मुळीच नाही. दोन्ही झेपत नसेल, एक सोडायचंच असेल, तर क्लास सोडा. इतकं ठामपणे का म्हणते आहे ते सांगते, पण आधी तिच्या रडण्याबद्दल.

तुमच्या मुलीवर आजवर गणितात अडायची वेळच आलेली नाही. उदाहरण समोर आलं की रीत आठवायची, आकडे घालायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. हे ती इतरांपेक्षा लवकर करते म्हणून सगळे तिला हुशार म्हणतात. ऐकून ऐकून तिच्या मनात एक नियम पक्का बसलाय: ज्याला पटकन येतं त्यालाच गणित येतं. रविवारी वीस मिनिटं गेली, उत्तर आलं नाही. मग निष्कर्ष काय निघणार? मला गणित येत नाही. पोरीचं तर्कशास्त्र अगदी चोख आहे. चुकलाय तो नियम, आणि तो तिला आपण मोठ्यांनीच शिकवलाय, प्रत्येक वेळी ‘बघा, किती भरभर करते’ म्हणून.

हा नियम कधी ना कधी मोडतोच. सहावीत मोडला तर एक रविवार रडण्यात जातो. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला मोडला तर मुलं विषयच सोडून देतात, आणि त्यांत शाळेत कायम पहिली आलेली मुलं बरीच असतात.

मरियम मिर्झाखानी हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. २०१४ साली तिला गणितातलं सर्वांत मानाचं समजलं जाणारं फील्ड्स पदक मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री. इराणमध्ये शाळेत असताना, साधारण तुमच्या मुलीच्याच वयात, एक वर्ष तिचं गणित चांगलंच घसरलं होतं. शिक्षकांना तिच्यात विशेष काही दिसत नव्हतं आणि तिचाही स्वतःवरचा विश्वास उडाला होता. पुढच्या वर्षी शिक्षक बदलले, आणि चित्रही बदललं. नंतर हायस्कुलात तिच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या हाती राष्ट्रीय पातळीवरच्या संगणकशास्त्र ऑलिम्पियाडचा एक पेपर लागला. सहा प्रश्न, वेळ तीन तास. या दोघी त्यावर काही दिवस बसल्या आणि तीन प्रश्न सोडवले. म्हणजे कैक पट वेळ घेऊन निम्मा पेपर. शाळेच्या हिशेबात हे नापासाच्या काठावर. मिर्झाखानीला मात्र आनंद याचा झाला की यातलं काही आपल्याला जमतं. १९९४ आणि १९९५ या दोन्ही वर्षी तिने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवलं, दुसऱ्या वर्षी तर पैकीच्या पैकी गुण. मोठेपणीही स्वतःबद्दल ती सांगायची की मी सावकाश विचार करणारी आहे. रडणाऱ्या प्रत्येक मुलीला पदक मिळतं असं मला म्हणायचं नाही. पण वेग आणि गणित यांची आपण जी सांगड घालतो, ती या विषयातल्या सर्वांत वरच्या माणसांनाही लागू पडत नाही, एवढं तुमच्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं. तिच्या बाबांनाही.

आता दुसरी बाजू. मंडळ म्हटलं की ते चांगलंच असेल, असं नाही. मुलगी अडली म्हणून रडली की तिला अडकवून वाऱ्यावर सोडलं म्हणून रडली, हे इथे बसून मला कळणार नाही. तुम्हाला कळेल. पुढच्या रविवारी परवानगी घेऊन मागच्या बाकावर बसा, पूर्ण दीड तास. गणित समजलं नाही तरी चालेल, तुम्हाला माणसं बघायची आहेत. प्रश्न फळ्यावर लिहिल्यानंतर शिकवणारा किती वेळ गप्प बसतो ते बघा. कुणी चुकीचं उत्तर दिलं तर ‘नाही, चूक’ म्हणून पुढच्या हाताकडे वळतो, की ‘हे कशावरून म्हणालास?’ असं विचारून ते फळ्यावर लिहितो? अडलेल्या मुलीजवळ जाऊन तो तिच्या वहीत स्वतः लिहायला लागतो, की तिला लहान आकडे घेऊन बघायला सांगतो?

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बोलतं कोण? प्रत्येक मंडळात दोन-तीन मुलं अशी असतात की प्रश्न वाचून होण्याआधी उत्तर ओरडतात. शिकवणारा कच्चा असेल तर नकळत त्यांच्याकडेच बघून शिकवायला लागतो आणि बाकीची अकरा मुलं प्रेक्षक होतात. कॉलेजच्या मुलांकडून हे जास्त होतं, कारण शाळेत तीच ती ओरडणारी मुलं होती. त्यांचा उत्साह लाखमोलाचा असतो, पण ओरडणाऱ्याला ‘तुझं उत्तर कागदावर लिहून ठेव, आपण नंतर बघू’ असं सांगायचं कौशल्य निवृत्त शिक्षकांकडेच असण्याची शक्यता अधिक. तुमच्या मंडळात दोन्ही आहेत ही चांगली गोष्ट आहे. तिथे असं काही दिसलं तर मुलीला काढण्याआधी त्या शिक्षकांशी बोला. आपल्याच मुलीला सोपे प्रश्न द्या म्हणू नका. सगळ्यांना विचार करायला वेळ मिळू दे, एवढंच सांगा.

दीड तासात एकच प्रश्न म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं तुमच्या घरी वाटत असणार. म्हणून एक प्रश्न जवळून दाखवते. मंडळांमध्ये तो फार जुना आहे.

फळ्यावर १ ते १० हे आकडे लिहायचे. कोणतेही दोन पुसायचे आणि त्यांच्या जागी त्यांच्यातला फरक लिहायचा. १० आणि ७ पुसले तर ३ लिहायचा. दर खेपेला एक संख्या कमी होते, त्यामुळे शेवटी एकच उरते. ती शून्य आणता येईल का?

सहावीच्याच काय, तिसरीच्या मुलालाही यातलं सगळं येतं. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ असतो. कुणाला शेवटी १ येतो, कुणाला ३, कुणाला ५. ‘थांबा, मी आणतो शून्य’ असं म्हणणारा एक तरी असतोच. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की सगळ्यांना विषमच येतंय. का? इथून खरा तास सुरू होतो. शिकवणारा शहाणा असेल तर तो इथे काही बोलत नाही. कुणीतरी सगळ्या आकड्यांची बेरीज करून बघतं: सुरुवातीला ५५. १० आणि ७ पुसून ३ लिहिल्यावर ४१. बेरीज १४ ने उतरली. म्हणजे सातची दुप्पट. आणखी दोन-तीन वेळा करून बघितलं की दिसतं, दर खेपेला बेरीज पुसलेल्यांपैकी लहान संख्येच्या दुपटीने उतरते. दुप्पट नेहमी सम. मग ५५ सारख्या विषम बेरजेतून कितीही वेळा सम संख्या काढा, उरणार विषमच. शून्य कधीही येणार नाही. हजार मुलांनी हजार वर्षं फळा पुसला तरी नाही.

‘येत नाही’ आणि ‘येऊच शकत नाही’ यांतला फरक शाळेच्या पुस्तकात सहावीपर्यंत कुठेही भेटत नाही. इथे तो दहा आकड्यांत भेटतो.

प्रश्न इथे संपतही नाही. १ ते १२ घेतले तर? बेरीज ७८, सम. मुलं आनंदाने ओरडतात, ‘म्हणजे शून्य येणार!’ आणि एखादी गप्प मुलगी म्हणते, ‘सम आहे म्हणून आडकाठी नाही, पण येईलच कशावरून?’ हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून मी कितीही रविवार घालवायला तयार असते. तिचं बरोबर आहे, ते वेगळं दाखवावं लागतं. १-२, ३-४, ५-६ अशा जोड्या लावल्या की सहा वेळा १ मिळतो, त्यांच्या जोड्या लावल्या की तीन शून्यं, आणि त्यातून शून्य. १ ते ११ चं काय, १३ चं काय, कुठल्या संख्येपर्यंत जमतं आणि कुठे नाही, हे तुमच्या मुलीला घरी करू दे. उत्तरात एक छान नियम दडलाय, तो मी इथे सांगत नाही.

म्हणूनच तुमचं गणित कच्चं असल्याची काळजी करू नका. मंडळातून आल्यावर ‘किती सोडवलेस?’ हे विचारू नका, तिथे मोजण्यासारखं काही नसतं आणि विचारलं की तिला उगाच हिशेब द्यावासा वाटतो. तिला फक्त म्हणा, आजचा प्रश्न मला घाल. आणि खरोखर करायला बसा. कागदाच्या चिठ्ठ्या करा, त्यांवर आकडे लिहा, पुसण्याऐवजी उचला. तुम्ही अडाल. फार बरं होईल, कारण अडलेलं मोठं माणूस तिने अजून पाहिलेलं नाही. तुम्हाला समजावताना तिचे स्वतःचेच धागे जुळतात, हे कुठलाही शिक्षक सांगेल. पण ‘मला बाई गणित कधी जमलंच नाही’ हे वाक्य तिच्यासमोर बोलायचं बंद करा. शाळेत मला कुणी असे प्रश्न घातले नाहीत, असं म्हणा. ते खरंही असेल.

क्लासबद्दल. ती तिथे खूश असते यात काही गैर नाही. जे येतं ते करायला सगळ्यांनाच आवडतं. पुढच्या इयत्तेचं आधी शिकवणं म्हणजे विष, असं म्हणणाऱ्यांतलीही मी नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली एक प्रकल्प सुरू केला होता. गणितात असामान्य गती असलेली बारा-तेरा वर्षांची मुलं त्यांनी कॉलेज-प्रवेशाची परीक्षा घेऊन निवडली, त्यातल्या अनेकांना एक-दोन इयत्ता पुढचं शिकायची वाट करून दिली, आणि ती मुलं मोठी झाल्यावरही अनेक दशकं त्यांचा मागोवा ठेवला गेला. एकंदरीत पुढे नेल्याने त्या मुलांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. पण त्यांना खरोखर पुढचं, नवं, कठीण शिकवलं गेलं होतं. घड्याळ लावून तीच रीत शंभरदा घोटून घेणं हा वेगळा प्रकार.

तुमच्या बाबतीत मला अडचण दिसते ती साधी आहे. यंदा ती सातवीचं पुस्तक संपवेल. पुढच्या वर्षी शाळेत तेच पुस्तक पुन्हा येईल. आज ती उदाहरणं संपल्यावर खिडकीबाहेर बघते, तेव्हा पहिल्या मिनिटापासून बघेल. ज्या दुखण्यावर औषध शोधत होतात तेच दुखणं वाढलं. शाळा तिला एक इयत्ता वर चढवायला तयार असेल तर क्लासला अर्थ आहे, नाहीतर आज कंटाळा टळतो आणि तोच पुढच्या वर्षी दुपटीने वसूल होतो.

शाळेत एकदा जाऊन या, हेही सांगून टाकते. लवकर संपवणाऱ्या मुलाला बहुतेक वर्गांत बक्षीस म्हणून तशीच आणखी वीस उदाहरणं मिळतात. चलाख मुलं त्यावरून शिकतात की लवकर संपवू नये. वर्गशिक्षकांना विचारा, तिचं संपलं की मंडळातला प्रश्न वहीच्या मागच्या पानावर करत बसली तर चालेल का? यात शिक्षकांचं कामही वाढत नाही, त्यामुळे बहुतेक जण हो म्हणतात.

ऑलिम्पियाडचं भूत मात्र डोक्यातून काढा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाली, तेव्हा सात देश होते, आता शंभराहून जास्त असतात. दर देशातून जास्तीत जास्त सहा विद्यार्थी. पूर्ण देशातून सहा! त्या सहांत यावं म्हणून चौथीतल्या मुलाचे रविवार गहाण टाकणं हा हिशेब मला कधी पटला नाही. पण त्या परीक्षेची रचना बघण्यासारखी आहे. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीनच प्रश्न. एका प्रश्नाला सरासरी दीड तास. तुमचं मंडळ रविवारी बरोबर तेवढाच वेळ चालतं. म्हणजे ऑलिम्पियाडची खरी तयारी कुठे चाललीय ते बघा. पुष्कळ परीक्षा हे नाव नुसतं लावतात. तासाभरात चाळीस-पन्नास पर्यायी प्रश्न, रीत पाठ असली की सुटतात, आणि जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी चकचकीत कागद मिळतो. तिला अशा परीक्षेला बसायची हौस असेल तर बसू दे, त्याला तयारी नको. पर्यायी प्रश्नांच्या सगळ्याच स्पर्धा टाकाऊ असतात असंही नाही. फ्रान्समध्ये १९९१ साली, ऑस्ट्रेलियातल्या एका स्पर्धेवरून सुचलेली ‘कांगारू’ स्पर्धा आज अनेक देशांत लाखो मुलं देतात आणि तिचे प्रश्न खरोखर डोकं चालवायला लावणारे असतात. एखाद्या परीक्षेचा जुना पेपर मागवून वाचा. पहिले दहा प्रश्न बघून तुम्हालाच कळेल, रीत विचारलीय की विचार.

जवळपास असं मंडळच नाही, असं या पत्राच्या निमित्ताने कुणीतरी नक्की लिहिणार, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. शाळेबाहेरच्या गणिताची परंपरा इमारतीत सुरू झालेली नाही, टपालात झालेली आहे. १८९४ साली हंगेरीत दानियेल अरान्य या शाळेतल्या शिक्षकांनी मुलांसाठी गणिताचं एक मासिक काढलं. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी उत्तरं लिहून पाठवायची, आणि चांगली उत्तरं त्या मुलाच्या नावासकट छापायची. घड्याळ नाही, हाती पूर्ण महिना. पुढे जगप्रसिद्ध गणितज्ञ झालेला पॉल एर्डॉश लहानपणी याच मासिकाचे प्रश्न सोडवत असे. चाळीस वर्षांनी लेनिनग्राड आणि मॉस्कोत शाळकरी मुलांच्या ऑलिम्पियाड सुरू झाल्या, विद्यापीठातले तरुण विद्यार्थी संध्याकाळी शाळेच्या मुलांना घेऊन बसू लागले, आणि आजची मंडळं बव्हंशी त्याच वळणाची आहेत. पण मॉस्कोपासून दूरच्या गावातल्या मुलांचं काय? गणितज्ञ इझराईल गेलफांड यांनी १९६४ साली त्यांच्यासाठी टपालाने चालणारी गणिताची शाळा काढली. तिच्यातली एक सोय मला फार आवडते: एकट्याने करायचं नसेल तर गावातली काही मुलं मिळून, एका शिक्षकाच्या देखरेखीखाली, सगळ्यांचं मिळून एकच उत्तर पाठवू शकत. शाळेच्या लेखी तो सगळा गट म्हणजे एक विद्यार्थी. तेव्हा चार मुलं, एक टेबल आणि उत्तर माहीत असूनही गप्प बसू शकेल असं एक मोठं माणूस, एवढ्यावर मंडळ सुरू होतं. प्रश्न लागतील ते केंब्रिज विद्यापीठाच्या ‘एनरिच’ या प्रकल्पाने १९९६ पासून फुकट उपलब्ध करून दिलेले आहेत, इयत्तेप्रमाणे लावलेले.

तुमच्याकडे परत येते. कधी थांबायचं, हेही ठरवून ठेवायला हवं, नाहीतर ‘अजून एक महिना बघू’ म्हणत मुलीचे हाल होतात. सहामाही संपेपर्यंत जाऊ दे. तिला आजच सांगा की तेव्हा तुला विचारू आणि तू नको म्हणालीस तर नको. मधल्या काळात तिचा चेहरा बघून रोज निर्णय बदलू नका. रविवारी संध्याकाळी ती वैतागलेली असेल, ते राहू दे. लक्ष ठेवायचं ते मंगळवारी-बुधवारी. तो प्रश्न आपणहून पुन्हा निघतो का? दात घासताना मध्येच ‘आई, पण पाच आकडे घेतले तर?’ असं काही येतं का? वहीच्या कडेला खाडाखोड दिसते का? यातलं काही असेल तर रडणं कितीही झालं तरी मंडळ लागू पडतंय. पण शनिवारी रात्री पोटात दुखायला लागत असेल, आठवडाभर त्या प्रश्नाचं नावही निघत नसेल, तर सहामाहीचीसुद्धा वाट बघू नका. ते मंडळ तिच्यासाठी नाही, किंवा हे वर्ष नाही. एखाद्या मुलीला याच वयात बुद्धिबळ, विणकाम किंवा नुसतं झाडावर चढणं जास्त हवं असतं, आणि त्याने गणिताचं काही अडत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती विचारते. त्या चौदांत मुली किती आहेत? दोन-तीनच असतील तर रडण्याचा काही भाग तिथून आलेला असू शकतो. या वयात मुली चारचौघांत चुकीचं उत्तर द्यायला जास्त बिचकतात, आणि ओरडणारे मुलगे असले की तोंड उघडतच नाहीत. हा अनुभव एकट्या तुमच्या मंडळाचा नाही. चीनमध्ये २००२ पासून मुलींची वेगळी गणित ऑलिम्पियाड होते, आणि २०१२ साली केंब्रिजमध्ये युरोपीय देशांनी तशीच सुरू केली. तुम्हाला इतकं काही करायला नको. तिला एक मैत्रीण मिळवून द्या. वर्गातली पहिली असण्याची गरज नाही, कोड्यात रमणारी हवी. दोघी मिळून अडल्या की ‘मला येत नाही’चं ‘आपल्याला अजून आलं नाही’ होतं. मिर्झाखानीबरोबर तो सहा प्रश्नांचा पेपर घेऊन बसलेली मैत्रीण, रोया बेहेश्ती, पुढे स्वतः गणिताची प्राध्यापक झाली. मंडळवाल्यांना फोन करून विचारा. चौदाचे पंधरा झाले तर ते नाही म्हणतील असं वाटत नाही.